स्टोअरची कडी

तिला सगळे सेक्रेटरी म्हणत. कपडे दुरुस्तीला टाकायला येणारी माणसंसुद्धा दारातूनच हाक मारत, "सेक्रेटरी, आहात का?" आणि ती तोंडातल्या टाचण्या काढून म्हणे, "आहे ना. मी कुठे जाणार?" हे उत्तर ती इतकी वर्षं देत आली होती, की आपण काय बोलतो आहोत हे तिच्या लक्षातही येत नसे.

धंदा तिचा कपडे दुरुस्तीचा. पँट आखूड करायची, चेन बदलायची, वर्षभरात अंग धरलेल्यांच्या शिलाया उसवून कपडा सैल करून द्यायचा, आणि वर "कपडाच आटला असेल हो" असं म्हणून त्यांची लाजही राखायची. पोट या धंद्यावर चालायचं. दिवस मात्र जायचा गल्लीच्या टोकाला, टेबल टेनिसच्या क्लबात. क्लब म्हणजे कोणे एके काळचं कागदाचं गोदाम. त्यात चार टेबलं, भिंतीला लागून बाकं, आणि मागे एक बिनखिडकीची स्टोअररूम. सेक्रेटरी तिथे पहिल्यांदा गेली ती शिवलेले पडदे पोचवायला. तेव्हा जो सेक्रेटरी होता त्याची बदली झाली होती, तो सामान बांधायच्या घाईत होता. तो म्हणाला, "दुसरा माणूस मिळेपर्यंत जरा किल्ली ठेवता का तुमच्याकडे?" तिने ठेवली. पडदे दोनदा विटून बदलून झाले, किल्ली तिच्याच कमरेला राहिली. घोंगडं गळ्यात पडतं ते असंच, कुणी अंगावर फेकत नाही. कुणीतरी म्हणतं, जरा धरता का.

स्वतः ती खेळत नसे. सर्व्हिस करायला गेली की चेंडू नेटच्या अलीकडेच मरायचा. पण सकाळी दार उघडणं तिचं. त्या दाराचीही एक खोड होती: किल्ली फिरवताना गुडघ्याने दार वर उचलावं लागे, नाहीतर कुलूप ढिम्म हलत नसे. मग ओल्या फडक्याने फरशी पुसायची, कारण धुळीवर बूट सरकतो. नेट ताणायची, चिरलेले चेंडू वेगळे काढायचे, रुसलेल्यांना फोन करायचे, भांडलेल्यांना मुद्दाम एका जोडीत घालायचं. निवृत्त झालेले पोस्टमन घरी बसून बायकोच्या प्रत्येक फोडणीत नाक खुपसायला लागले, तेव्हा बायकोनेच त्यांना हाताला धरून क्लबात आणून सोडलं होतं. "यांना इथेच ठेवा, जेवायला पाठवा." शाळेतल्या बाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा कितीतरी दिवस नुसत्या बाकावर बसून असत. सेक्रेटरीने त्यांना काही विचारलं नाही, फक्त गुण मोजायची पाटी हातात दिली. आज त्याच बाई क्लबाच्या सगळ्या कार्यक्रमांत माईक कुणाच्या हाती लागू देत नाहीत. असे क्लब चालतात म्हणून गावंच्या गावं शहाणी राहतात, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. पण ते चालवणाऱ्याचं काय होतं, हेही एकदा कुणीतरी सांगायला हवं.

दर वर्षीच्या सभेत सेक्रेटरी उठून म्हणे, "आता दुसरं कुणीतरी बघा." की लगेच अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, हसत हसत म्हणत, "तुमच्याशिवाय आहे कोण?" आणि सगळा हॉल टाळ्या वाजवी. टाळ्या संपेपर्यंत ती पुन्हा खाली बसलेली असे. टाळ्या वाजवणाऱ्याला काय हो, तळवे तेवढे लाल होतात. पुढचं वर्षभर फरशी पुसायची ती हिने.

तिला एकच जवळचं माणूस होतं, थोरली बहीण. ताई गाडीने रात्रभराच्या अंतरावर राहायची. आई लवकर गेली, तेव्हा हिला वाढवलं ते ताईने. सुई हातात दिली तीही ताईनेच. शिवून शिवून ताईचे डोळे अधू झाले. एक तर पूर्वीच गेला होता, आता दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आठवड्यापूर्वी ताईचा फोन आला.

"ठके," ताई म्हणाली. ठकी म्हणणारं जगात आता एवढंच माणूस उरलं होतं. "डॉक्टर काही शब्द देत नाहीत गं. दिसेल म्हणतात, नाही म्हणतात. आत नेण्याआधी तुझं तोंड एकदा नीट बघू दे मला. पुढचं पुढे."

"येते ताई. या वेळी येतेच."

मग ताई म्हणाली, "बघू."

त्या 'बघू'ने सेक्रेटरीच्या काळजात कळ उठली, कारण ताईचं काही चुकलं नव्हतं. मागे एकदा यायचं ठरलं तेव्हा हॉलचं छत गळायला लागलं. त्याआधी एकदा बाहेरगावचे संघ येणार होते. आणि ताईचे यजमान गेले तेव्हा ही पोचली दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. त्या दिवशी क्लबाची फायनल होती आणि बक्षिसांच्या कपाटाची किल्ली हिच्याकडे होती. ताई तेव्हाही काही बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची गाडी. ती चुकली तर रात्री आणखी एक होती, पण ती गावोगाव थांबत जाई आणि पोचेपर्यंत ताईला आत नेलेलं असतं. आणि नेमका त्याच संध्याकाळी क्लबात कार्यक्रम: क्लबासाठी राबणाऱ्यांचा सत्कार. सेक्रेटरीने स्वतःच पोस्टमनचं नाव सुचवलं होतं, त्यांच्यासाठी मध्यभागी खुर्ची मांडली होती, खुर्चीचा डुगडुगणारा पाय कागदाची घडी घालून बसवला होता. बेत सोपा होता. कपड्यांची पिशवी बाकाखाली सरकवून ठेवायची, हॉल लावून द्यायचा, भाषणं सुरू झाली की पोस्टमनच्या हातात किल्ल्या ठेवायच्या आणि मागच्या मागे सटकायचं. कुणाला आधी सांगायचं नाही. सांगितलं की अध्यक्ष म्हणणार, "जा की, अवश्य जा, फक्त दोन दिवस थांबा." आणि ती थांबणार. लोकांना नाही म्हणणं तिला जमत नसे, म्हणून तिने पळून जायचं ठरवलं होतं. आपल्याच क्लबातून, चोरासारखं.

आता स्टोअरबद्दल सांगायला हवं. त्या खोलीचं दार आपोआप उघडायचं. चौकटच कलली होती. एकदा टोकाच्या टेबलावर खेळताना मागे मागे सरकत आलेला एक जण त्या उघड्या दारावर आदळला आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून सेक्रेटरीने नियम केला: जाता-येता ज्याला स्टोअरचं दार उघडं दिसेल त्याने बाहेरून कडी लावायची. पाटी लावली, ती कुणी वाचली नाही. मग तिने ओरडायला सुरुवात केली. कुणी विसरला की हॉलभर तिचा आवाज घुमे, "कडी!" वर्षभरात सगळे असे तयार झाले, की डोळे मिटूनही कडी लावतील. पोस्टमननी तर एकदा घरी जाऊन बायको आत असताना कोठीच्या खोलीला कडी लावली होती. ती गोष्ट क्लबात हसून हसून सांगितली जाई, आणि सगळ्यात जास्त हसायची ती सेक्रेटरी.

त्या संध्याकाळी हॉल भरत आला होता. तिने फोन गुणफलकाजवळ चार्जिंगला लावला आणि टेबलावर घालायचं निळं कापड आणायला स्टोअरमध्ये शिरली. कापड वरच्या फळीवर, बक्षिसांच्या जुन्या कपांच्या मागे. स्टुलावर चढून ती हात लांबवत होती, एवढ्यात मागे खट्ट झालं. आणि अंधार झाला, कारण दिव्याचं बटण बाहेर होतं आणि ज्याने कडी लावली त्याने शिस्तीत दिवाही मालवला. हेही तिनेच शिकवलं होतं.

"अहो! मी आहे आत!"

बाहेर खुर्च्या सरकत होत्या. मुलं टोकाच्या टेबलावर हात साफ करून घेत होती, टक टक, टक टक. तिने दार वाजवलं. तेवढ्यात काहीतरी जड वस्तू फरफटत आली आणि दाराला टेकली. शाळेतल्या बाईंचा आवाज आला, "स्पीकर इथेच ठेवा, वायर पुढे पुरत नाही." आणि मग तो स्पीकर सुरू झाला. दार, फळ्या, कप, तिच्या छातीचा पिंजरा, सगळं एकदम थरथरायला लागलं.

सेक्रेटरीने दोन्ही मुठींनी दार बडवलं. बाहेर अध्यक्ष म्हणाले, "हा धडधड आवाज कसला येतोय?"

"स्पीकरच जुना झालाय," कुणीतरी म्हणालं. "जरा कमी करा."

आवाज जरा कमी झाला. तिने बडवणं थांबवलं, घसा ताणून हाक मारली, तर तेवढ्यात टाळ्या. पुन्हा बडवलं, तर पुन्हा टाळ्या. मंडळी त्या दिवशी फार खुशीत होती. मग ती स्टुलावर बसली. अंधारात रबराचा आणि जुन्या घामाचा वास येत होता. हा वास तिने इतकी वर्षं घेतला होता आणि कधी वाईट वाटला नव्हता. आज तिने नाकावर हात धरला. गाडी स्टँडवर लागली असेल, असं तिच्या मनात येत होतं, आणि मन दुसरीकडे वळवायला त्या खोलीत काही नव्हतं.

बाईंनी सूत्रं हाती घेतली. "आज आपण ज्यांचा सत्कार करणार आहोत, त्यांना स्वतःला हे ठाऊक नाही. त्यांनी दुसऱ्याचं नाव सुचवलं होतं. पण आम्ही सगळ्यांनी गुपचूप ठरवलं..."

सेक्रेटरीने डोळे मिटून घेतले. देवा, नको, असं ती खरोखर मोठ्याने म्हणाली.

"आपल्या सेक्रेटरी!"

टाळ्या. टाळ्या. मग कुजबुज. "कुठे आहेत?" "आत्ता तर होत्या." "लपल्या असतील हो, त्यांना असलं आवडत नाही." हशा. अध्यक्ष म्हणाले, "काही हरकत नाही. ही खुर्ची म्हणजेच त्या असं समजू. त्या असल्या काय नि नसल्या काय, या हॉलच्या प्रत्येक विटेत त्याच आहेत." आणि रिकाम्या खुर्चीवर पुष्पगुच्छ ठेवला गेला. खुर्चीसमोर भाषणं झाली. त्या कधी थकत नाहीत. त्यांनी कधी रजा मागितली नाही. त्यांना क्लबाशिवाय दुसरं जगच नाही. दाराच्या या बाजूला ती एकेक वाक्य ऐकत होती, आणि प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि प्रत्येक वाक्याने तिला गुदमरल्यासारखं होत होतं. मेल्यावर माणसाबद्दल असंच बोलतात, तिला वाटलं. फक्त तेव्हा त्याला ऐकावं तरी लागत नाही.

मग फोन वाजला. तिचाच. ती ताडकन उठली. बाईंनी तो उचलला, आणि हातातला माईक बंद करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"हॅलो? त्यांची ताई का? नमस्कार, नमस्कार! हो, इथेच आहेत त्या. अहो, आज त्यांचा सत्कार आहे, मोठा कार्यक्रम चाललाय! निघाल्या? छे हो, निघतील कशा? क्लब सोडून त्या कधी कुठे गेल्यात?" सगळा हॉल हसला. "बोलावू का त्यांना? बरं... बरं. सांगते."

"ताई!" सेक्रेटरी किंचाळली. तिने खांद्याने दार ढकललं, लाथ मारली, वरचे कप धडाधड खाली पडले. बाहेर अध्यक्षांनी स्पीकरचा आवाज आणखी कमी केला.

दार उघडलं ते चहाची वेळ झाल्यावर. जादा पेले स्टोअरमध्ये होते. स्पीकर बाजूला सरकवून पोस्टमननी कडी काढली, दिवा लावला, आणि ते आहे तिथेच उभे राहिले. कपांच्या ढिगाऱ्यात सेक्रेटरी, केस विस्कटलेले, हाताच्या मुठी सोललेल्या.

"तुम्ही आत होता?" ते म्हणाले. "अहो, मीच लावली कडी. दार उघडं दिसलं म्हणून. तुम्हीच सांगितलंय ना..."

"हो," ती म्हणाली. "मीच सांगितलंय."

ती बाहेर आली तशी सगळ्यांनी एकच कल्ला केला. कुणाला वाटलं, ही गंमतच आहे. खिडक्यांबाहेर काळोख पडला होता. गाडी गेली होती. बाई धावत आल्या, त्यांचा चेहरा आनंदाने फुललेला. "तुमच्या ताईंचा फोन होता! सत्कार चाललाय म्हटलं, तर म्हणाल्या, मला वाटलंच होतं. बोलावू का विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे, तिला हाक मारू नका, तिचं चालू दे. किती समजूतदार आहेत हो!"

अध्यक्षांनी तिचा दंड धरून तिला खुर्चीवर बसवलं, मांडीवर पुष्पगुच्छ ठेवला. बाईंनी माईक पुढे केला. "दोन शब्द!"

सेक्रेटरी माईककडे बघत राहिली. नेहमीचं वाक्य जिभेवर येऊन बसलंच होतं, सगळ्यांची आभारी आहे. ते तिने गिळलं.

"माझ्या बहिणीच्या डोळ्याचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "एकच डोळा उरलाय. तो राहील की जाईल, ठाऊक नाही. तिला त्याआधी माझं तोंड बघायचं होतं. एवढंच मागितलं होतं तिने. मघाच्या गाडीने मी जाणार होते." ती थांबली. "तुम्ही फार चांगलं बोललात माझ्याबद्दल. मी सगळं ऐकलं. मला त्याचा राग आला."

पोस्टमन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी माईक खाली घेतला, तो बंद करायचं त्यांना आता कुठे सुचलं. अध्यक्ष कावरेबावरे झाले. ते मनाचे वाईट नव्हेत. ते म्हणाले, "अहो, मग सांगायचं नाही का? आम्ही काय तुम्हाला बांधून ठेवलं होतं?"

बांधलेलं नव्हतंच कुणी. दोरी असती तर दिसली तरी असती.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी, अगदी हळू, अगदी निरागसपणे विचारलं, "मग उद्या सकाळी कोण उघडणार?"

सेक्रेटरी उठली. पुष्पगुच्छ बाकावर ठेवला. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवायला तिला वेळ लागला, कारण त्याची गाठ कित्येक वर्षांत सुटली नव्हती. तो तिने खुर्चीवर ठेवला. सगळे जण त्या जुडग्याकडे बघत राहिले, पण हात कुणी पुढे केला नाही. बाकाखालची पिशवी घेऊन ती दारापर्यंत गेली. गुडघ्याने उचलावं लागतं, हे सांगायला ती वळली. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि बाहेर पडली.

मागून पोस्टमन धावत आले. त्यांच्या हातात तिचा फोन होता. त्यांनी पिशवी तिच्या हातातून घेतली आणि स्टँडपर्यंत बरोबर चालले. वाटेत ते एकदाच बोलले, "मी उद्यापासून आधी आत बघेन, मग कडी लावेन." तिला रडू आलं आणि हसूही आलं. दुसरी गाडी रखडत रखडत सुटली. ताईचा फोन तिने लावला, लावला, तो बंद होता.

सकाळी ती दवाखान्यात पोचली तेव्हा ताईला आत नेऊन परत आणलेलं होतं. डोळ्यावर जाड पट्टी. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढल्यावर कळेल, आत्ता काहीच सांगता येत नाही. सेक्रेटरी पलंगाशेजारी उभी राहिली. रात्रभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरून गेली. ताईची मान किंचित वळली.

"कोण?"

"ताई, मी. ठकी."

ताईने विचारलं, कडवटपणे नाही, अगदी खात्री करून घ्यावी तसं, "आज क्लब कोणी उघडला?"

सेक्रेटरीने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, खुर्चीवरचा जुडगा आला, बंद दार आणि बाहेर फरशीच्या पायरीवर खोळंबलेली माणसं आली. त्यापुढे काही दिसेना. इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर ती स्वतःच होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

ताईचा हात चादरीवरून चाचपडत तिच्या मनगटापर्यंत आला आणि तिथे घट्ट बसला.

"म्हणजे आलीस खरी," ताई म्हणाली.